चोरीचा कागद आणि चोराचा माग

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला प्रवासी यवत आणि चौफुला मागे टाकून पाटसच्या दिशेने जाऊ लागला म्हणजे मधल्या टप्प्यावर त्याला वरवंड लागते. आज हे गाव दौंड तालुक्यात मोडत असले, तरी पूर्वी हा सारा मुलूख भीमथडी या नावाने ओळखला जाई, आणि मराठी फौजांत नावाजलेली भीमथडीची तट्टे याच भीमाकाठच्या माळरानांवर पोसली जात असत. ती तट्टे गेली. माळांवर मुठेच्या कालव्याचे पाणी फिरले, वरवंडच्या शिवेला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिरवणारा तलाव झाला, ऊस उभा राहिला, पाटसला सहकारी साखर कारखाना निघाला. आणि उसाच्या बिलाबरोबर बँकेचे खाते, खात्याबरोबर पासबुक आणि पासबुकाबरोबर ते बोटभर रुंदीचे प्लास्टिकचे कार्ड घरोघरी आले. ज्या मुलखात एकेकाळी कर्जाचा कागद म्हटला की कुणब्याच्या अंगावर काटा उभा राही, तेथे आज पतीचा कागद खिशात घालून माणसे बाजाराला जातात, हा पालट लहान नव्हे.

हे कार्ड एस.टी.च्या गर्दीत कोणी उचलले, किंवा हमरस्त्यावरच्या एखाद्या खानावळीत विसरलेले कोणाला सापडले, आणि त्याने ते पेट्रोल पंपावर वा कापडाच्या दुकानात चालवून पाहिले, तर कायद्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. चालवणाऱ्याला शिक्षा कोणती, हा पहिला. आणि गेलेला पैसा कोणाच्या पदरी लागावा, हा दुसरा. वर्तमानपत्रांच्या रकान्यांत पहिल्याची चर्चा फार होते, दुसऱ्याची क्वचित. वस्तुतः ज्याचे कार्ड गेले त्याला पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने समाधान मिळत असेल, परंतु त्याचा प्रपंच चालतो तो दुसऱ्याच्या उत्तरावर. आणि हा दुसरा प्रश्न कार्डाच्या जन्माच्या कितीतरी आधी याच मुलखाने निरनिराळ्या रूपांत सोडवला होता, असे जुने दप्तर चाळताना दिसून येते.

कागदाकडे वळण्यापूर्वी गुराढोरांच्या आणि दागिन्यांच्या चोरीविषयीची गावगाड्यातील वहिवाट पाहणे इष्ट आहे. पेशवाईच्या अखेरीस दक्षिणेतील गावात चोरी झाली म्हणजे तिचा तपास हा रामोशाच्या, जागल्याच्या गळ्यात असे, आणि त्याच्या पाठीशी पाटील उभा असे. रामोशाने चोराच्या पावलांचा माग काढीत जावे. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवला, की त्या गावच्या रामोशाने तो आपल्या हाती घ्यावा आणि पुढच्या शिवेपर्यंत न्यावा. आणि ज्या गावच्या हद्दीत माग मुरला व बाहेर निघाल्याचे दाखवता आले नाही, त्या गावाने मुद्देमाल तरी द्यावा किंवा त्याची भरपाई तरी करावी, असा सर्वसाधारण रिवाज होता. १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. आणि पुरी भरपाई रामोशाच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे बहुधा काही अंशच वसूल केला जाई, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. या रिवाजात अन्याय होताच, कारण निरपराध रामोशी परक्या चोराच्या पापाचा धनी होई. परंतु त्यामागचे तत्त्व विचारात घेण्यासारखे आहे. राखण करण्याचे वेतन जो घेतो, त्याने राखणीतील उणिवेची झळ सोसली पाहिजे. आणि ज्याची वस्तू गेली त्याने स्वतःच चोर शोधून आणावा, असे त्याला सांगितले जाऊ नये. हे तत्त्व पुढे पावणेदोनशे वर्षे आपल्या फौजदारी कायद्यातून जवळजवळ अंतर्धान पावले होते.

आता कागद. रोकड घेऊन प्रवास करणे म्हणजे वाटमाऱ्याला निमंत्रण देणे, ही गोष्ट पुण्याच्या पेठांतील सावकारांना कोणी शिकवावी लागली नाही. सुरत, औरंगाबाद, काशी अशा दूरदूरच्या ठिकाणी पैसा पोचवायचा तो हुंडीने, असा सरकारचा आणि व्यापाऱ्यांचा दोघांचाही परिपाठ होता. हुंडी लिहिणारा पेढीवाला आपल्या दूरच्या आडत्याला कळवी, की अमक्या मितीला अमुक रक्कम द्यावी. आणि हुंडी जाण्याच्या आधी किंवा बरोबर वेगळे सूचनापत्र रवाना होई, म्हणजे नुसता कागद कोणी बनवून आणला तर तो उघडा पडावा. रकमेत फेरफार होऊ नये म्हणून ती एकदा लिहून भागत नसे: हजार रुपये, त्याचे निमे पाचशे, पाचशेची दुप्पट पुरे हजार, अशा तऱ्हेने आकडा आणि अक्षरे यांच्या गाठी मारून ठेवीत. एखादे शून्य वाढवू पाहणाऱ्या लफंग्याला मग निम्मेही बदलावे लागे आणि दुप्पटही. आजच्या धनादेशावर रक्कम अक्षरी व अंकी अशी दोनदाच लिहितात. आमचे जुने मुनीम त्याहून अधिक संशयी होते, आणि त्यांचा संशय योग्यच होता.

हुंडीचे प्रकार अनेक. दाखवताच पैसे द्यावयाची ती दर्शनी, मुदत संपल्यावर द्यावयाची ती मुदती. जो घेऊन येईल त्याला द्यावयाची ती धनीजोग, ज्याचे नाव लिहिले त्यालाच द्यावयाची ती नामजोग. आणि या सगळ्यांत आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ती शहाजोग. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात ज्याची पत आहे, ज्याला चार पेढीवाले ओळखतात, अशा ‘शहा’लाच द्यावयाचे असत. कोणी अनोळखी इसम हुंडी घेऊन आला, तर पेढीवाला त्याला परत पाठवी आणि सांगे की ओळखीच्या शहाला बरोबर आणा. शहाने पैसे घेतले आणि मागाहून हुंडी चोरीची वा बनावट असल्याचे निष्पन्न झाले, तर त्या शहाने रक्कम व्याजासह परत करावी, असा बाजाराचा दंडक होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायमूर्तींनी व्यापाऱ्यांच्या साक्षी घेऊन हा दंडक मान्य केला. हुंडी गहाळ झाली तर धनी हात चोळीत बसत नसे: तिची दुसरी प्रत मिळे ती पेठ, ती हरवली तर तिसरी परपेठ, आणि पैसे चुकते होऊन निकामी झालेल्या हुंडीला खोका म्हणत. सारांश, कागद कोणाच्या हाती आहे याला महत्त्व कमी, तो वटवायला आलेल्याच्या मागे कोण उभा आहे याला महत्त्व अधिक.

पेशवाईच्याच काळात इंग्लंडच्या न्यायासनाने नेमका उलट मार्ग धरला होता. १७५६ च्या डिसेंबरात तेथे टपालगाडी लुटली गेली. लुटीतली बँक ऑफ इंग्लंडची एक नोट फिरत फिरत एका खाणावळवाल्याकडे आली, आणि त्याने ती रीतसर मोबदला देऊन निर्मळ मनाने स्वीकारली. नोटेच्या मूळ धन्याने बँकेला पैसे थांबवावयास सांगितले होते. १७५८ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डने निकाल दिला, तो खाणावळवाल्याच्या बाजूने: चोरीची असली तरी नोट ही चलनाप्रमाणे हातोहात फिरणारी वस्तू आहे, आणि जो प्रामाणिकपणे ती घेतो त्याच्या हक्काला चोरीचा डाग लागत नाही. व्यापाराच्या वेगासाठी हा निर्णय उपकारक होता यात शंका नाही. परंतु त्याने मूळ धन्याला वाऱ्यावर सोडले, हेही तितकेच खरे. लंडनच्या पेठेने कागदाचे अभिसरण राखले, पुण्याच्या पेठेने कागदाचा धनी राखला. १८८१ मध्ये हिंदुस्थानसाठी पराक्राम्य संलेखांचा कायदा झाला, तेव्हा त्यात या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी बसवलेल्या दिसतात: कलम ५८ प्रमाणे गुन्ह्याने किंवा कपटाने मिळवलेल्या संलेखावर मिळवणाऱ्याला हक्क सांगता येत नाही, परंतु यथाविधी धारक ठरणाऱ्या निरपराध माणसाला येतो, हा मॅन्सफील्डचा वारसा, आणि देशी भाषांत लिहिलेल्या संलेखांबाबतची स्थानिक वहिवाट पहिल्याच कलमाने अबाधित ठेवली, हा शहाजोग हुंडीचा मान.

पेढ्यांवर ही अशी दक्षता होती. पण भीमथडीच्या कुणब्याचा कागदाशी जो संबंध येई तो या सुसंस्कृत वर्तुळाबाहेरचा. त्याच्यापुढे येई तो कर्जरोखा, आणि तो त्याला वाचता येत नसे. सही म्हणून तो नांगराची निशाणी करी किंवा लेखणीला हात लावी; कागदात काय लिहिले आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली ती ऋणकोच्या रक्षणासाठी. व्यवहारात तिचा परिणाम असा झाला, की दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची पद्धत पडली, आणि दामदुपटीचा जुना धर्मशास्त्रीय बांध नव्या कागदाखाली पुरला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत कापसाला भाव आला तेव्हा कर्ज सुलभ झाले. १८६५ नंतर भाव कोसळले, साऱ्याची फेरआकारणी वाढीव दराने झाली, आणि दिवाणी कोर्टाचे हुकूमनामे घेऊन सावकाराचे कारकून जप्तीला येऊ लागले.

१८७४ च्या डिसेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातील करडे या गावी अशाच एका हुकूमनाम्याने तेथील देशमुखाचे घर गेले आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी, चौफुल्यावरून दक्षिणेला जाणाऱ्या वाटेवरील सुपे या बाजारगावी, बाजाराच्या दिवशी, जमलेला समुदाय गुजर आणि मारवाडी सावकारांच्या घरांवर चालून गेला. धान्य व कापडही लुटले गेले, परंतु मुख्य शोध होता तो वह्यांचा आणि रोख्यांचा. चोवीस तासांच्या आत तेथून चौदा मैलांवर दुसऱ्या एका सावकाराच्या गंजी आणि घर पेटले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने स्वाधीन केले तेथे जमाव बहुधा माघारी फिरला, जेथे नकार मिळाला तेथे आग लागली. एकंदर ९५१ जणांना अटक झाली व ५०१ जणांवर गुन्हा शाबीत झाला. कायद्याच्या परिभाषेत पाहिले तर या कुणब्यांनी जाळला तो ‘मौल्यवान रोखा’. १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३० ने ज्या कागदावरून कायदेशीर हक्क निर्माण होतो किंवा संपुष्टात येतो त्याला ही संज्ञा दिली होती, आणि असा रोखा कपटाने नष्ट करणाऱ्याला कलम ४७७ ने जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली होती. दोन आण्यांच्या कागदाला इतकी जबर शिक्षा कशाला, असे सुप्याच्या बाजारकऱ्याला वाटले असेल. पण त्या कागदाने आपली जमीन नेली हे त्यालाही पक्के ठाऊक होते, म्हणून तर त्याने तिजोरीआधी दप्तर फोडले.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि त्याच्या अहवालाच्या पाठोपाठ १८७९ चा दख्खन शेतकी कर्ज निवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्याची व्याजाविषयीची कलमे प्रसिद्ध आहेत, परंतु मला त्यातील कागदाविषयीची कलमे अधिक दूरदृष्टीची वाटतात. शेतकऱ्याचा रोखा यापुढे गावनोंदणीकारासमोर लिहिला जावा, नाहीतर तो पुराव्यात घेऊ नये. फेडीची पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास पासबुक सावकाराने द्यावे, न दिल्यास दंड सोसावा. आणि कोर्टाने रोख्यावर जे लिहिले तेवढेच प्रमाण न मानता मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासावा. कागद कागदावरून बोलतो, त्याच्यापलीकडे पाहू नये, हा इंग्रजी करारकायद्याचा जो ताठा होता तो येथे प्रथम वाकला. निरक्षर माणसाच्या नावाने कोणी कागद चालवला, तर कागद दाखवणाऱ्याने त्याचा खरेपणा सिद्ध करावा, हे बीज भीमथडीच्या राखेतून उगवले. ते पुढे दीर्घकाळ पडीकच राहिले ही गोष्ट निराळी.

क्रेडिट कार्डाचा इतिहास सांगायचा तर न्यू यॉर्कमध्ये १९५० साली निघालेल्या डायनर्स क्लबपासून सुरुवात करावी लागते. परंतु चोरीच्या कार्डाचा इतिहास खऱ्या अर्थाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या गावी सुरू होतो. १९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकेने तेथील साठ हजार घरांना, कोणी मागितले नसता, टपालाने कार्डे पाठवून दिली. पत्रपेट्यांतून ती पळवली गेली, आणि मालकाने जे कार्ड कधी पाहिलेही नव्हते त्याची बिले त्याच्या दारी येऊ लागली. याच प्रयोगाची आवृत्ती इतर शहरांत निघून इतका गोंधळ माजला, की १९७० मध्ये अमेरिकन काँग्रेसने न मागता कार्ड पाठवण्यास बंदी केली आणि कार्ड चोरीस गेल्यास धारकाची जबाबदारी अधिकात अधिक पन्नास डॉलर ठरवून टाकली. चोराला काय शिक्षा करावी एवढ्यावरच न थांबता तेथील कायद्याने नुकसान कोणाचे, हेही ठरवले, आणि ते बँकेच्या माथी मारले. बँका त्यामुळे बुडाल्या नाहीत. उलट, नुकसान आपलेच म्हटल्यावर त्यांनी पडताळणीची यंत्रे आणि पद्धती झपाट्याने सुधारल्या.

हिंदुस्थानात डायनर्स क्लब १९६१ मध्ये आला आणि १९८० मध्ये सेंट्रल बँकेने आपले कार्ड काढले. आरंभीची वीस-पंचवीस वर्षे दुकानदार कार्डावरची उठावाची अक्षरे कार्बनच्या पावतीवर उमटवून घेई, सही ताडून पाही, आणि रद्द झालेल्या कार्डांच्या छापील यादीत क्रमांक शोधी. यादी छापून दुकानापर्यंत पोचेतो चोराची दिवाळी साजरी झालेली असे. या काळात चोरीच्या कार्डासाठी स्वतंत्र कलम नव्हते, आणि त्याची फारशी गरजही भासली नाही, कारण मेकॉलेच्या दंडसंहितेत चोरी, चोरीचा माल बाळगणे, तोतयेगिरी, ठकबाजी आणि बनावट दस्तऐवज यांची कलमे अशी ऐसपैस विणलेली होती की पावतीवर दुसऱ्याची सही ठोकणारा त्यांतून निसटू शकत नव्हता. अडचण उद्भवली ती कार्ड हातात न घेता नुसता त्याचा क्रमांक वापरता येऊ लागला तेव्हा. क्रमांक ही जंगम मालमत्ता आहे काय? तो ज्याच्याजवळ होता त्याच्याजवळ अजूनही आहेच. मग त्याची चोरी झाली असे म्हणावे कसे?

२००२ मध्ये नोएडातील एका कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या चोवीस वर्षांच्या तरुणाने अमेरिकेतील एका महिलेच्या कार्डाचा क्रमांक टिपून ठेवला आणि परदेशस्थ भारतीयांसाठी चालवल्या जाणाऱ्या सोनी कंपनीच्या विक्रीस्थळावरून रंगीत दूरचित्रवाणी संच व बिनतारी हेडफोन मागवले. कंपनीची फिर्याद केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली. दिल्लीच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले ते जुन्या दंडसंहितेच्या कलम ४१८, ४१९ आणि ४२० खाली, म्हणजे ठकबाजी व तोतयेगिरीसाठी. आणि वय व पहिला अपराध ध्यानी घेऊन तुरुंगाऐवजी एक वर्षाच्या परिवीक्षेवर सोडले. देशातील संगणकीय गुन्ह्याच्या पहिल्या दोषसिद्धींत या खटल्याची गणना होते. पाठोपाठ २००५ च्या एप्रिलमध्ये पुणेच प्रकाशात आले: शहरातील एका कॉल सेंटरच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकन खातेदारांकडून गुप्त आकडे काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळवले. ज्या शहराने शहाजोग हुंडीची सावधगिरी जोपासली होती, त्या शहराचे नाव परदेशी पत्रांत या कारणाने झळकावे, हे आम्हांला शोभणारे नव्हते.

संसदेने २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा २००८ मध्ये दुरुस्त केला आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ती दुरुस्ती अमलात आली. तीतील कलम ६६-ग, ज्याचा उल्लेख पोलीस सर्रास ‘६६ सी’ असा करतात, ते दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, सांकेतिक शब्द किंवा ओळखीची अन्य कोणतीही विशिष्ट खूण लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. ‘६६ डी’ संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून ठकवणाऱ्यालाही तेवढीच. क्रमांक चोरीस जातो की नाही, हा तार्किक घोळ कायद्याने असा मिटवला, की वस्तू नेण्याऐवजी ओळख वापरणे हाच गुन्हा ठरवला.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतल्यावर वरवंडच्या थांब्यावर सापडलेले कार्ड चालवणाऱ्याची स्थिती पुढीलप्रमाणे होते. कार्ड सापडले आणि परत न करता स्वतःचे मानले, तर कलम ३१४ चा अपहार, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. खिशातून काढले तर कलम ३०३ ची चोरी, तीन वर्षांपर्यंत. आणि चोरीचे आहे हे जाणून मित्राने ते घेतले तर कलम ३१७ खाली त्या मित्रालाही तेवढेच. दुकानात ते पुढे करून मीच धनी असे भासवले, की कलम ३१९ ची तोतयेगिरी, पाच वर्षांपर्यंत. आणि त्या भासावर माल पदरात पाडून घेतला, की कलम ३१८ च्या चौथ्या उपकलमाची ठकबाजी, सात वर्षांपर्यंत. पावतीवर सही केली असेल तर बनावट दस्तऐवजाचे कलम वेगळे, आणि ६६ सी, ६६ डी वरकड. नव्या संहितेत पाच हजारांच्या आतील पहिल्या चोरीला, माल परत केल्यास, समाजसेवेची सौम्य शिक्षा आहे; कार्ड या वस्तूची किंमत ती काय, असा युक्तिवाद एखादा हुशार वकील करीलही, परंतु कार्ड यंत्राला टेकवल्या क्षणी खटला चोरीतून निघून ठकबाजीत जातो आणि ही पळवाट बंद होते. २०२१ च्या आरंभापासून पाच हजारांपर्यंतचा व्यवहार गुप्त आकड्यावाचून नुसते कार्ड टेकवून होऊ शकतो, आणि ‘दोन-तीन हजारांचे तर होते’ ही सबब त्यामुळेच हल्ली वरचेवर ऐकू येते. न्यायालयात तिचा उपयोग शिक्षेच्या प्रमाणापुरता, गुन्ह्याच्या अस्तित्वाला तिने बाधा येत नाही.

येथे पहिला प्रश्न संपतो आणि दुसऱ्याचे उत्तर मिळते ते कोणत्याही दंडसंहितेत नव्हे. ते आहे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरात निघालेल्या तशाच दुसऱ्या परिपत्रकात. बँकेची चूक असेल तर खातेदाराने एक पैही सोसू नये. चूक ना बँकेची ना खातेदाराची, तिसऱ्याच कोणाची असेल, तर सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास खातेदाराची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित, साध्या बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला दहा हजारांची. स्वतःच गुप्त आकडा कोणाला सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान स्वतःचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावी, नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावावा, आणि खातेदाराची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहावा. १८७९ च्या कायद्याने सावकाराला जे सांगितले होते त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. आणि राखणीचे वेतन घेणाऱ्याने उणिवेची झळ सोसावी, पण आवाक्यापुरती, ही एल्फिन्स्टनने पाहिलेली रामोशाच्या गावाची रीतही त्यात ओळखू येते. इतकेच काय, कार्डाच्या जाळ्यांत चोरीचा व्यवहार उघड झाल्यावर दुकानदाराच्या बँकेकडून पैसे उलटे ओढून घेण्याची जी पद्धत आहे, तिच्यात शहाने व्याजासह रक्कम परत करण्याचा तो जुना दंडकच नव्या वेषात वावरतो. मॅन्सफील्डचा खाणावळवाला आज पेट्रोल पंपावर कार्ड घेऊन बसला असता, तर त्याला १७५८ चा निकाल कामी आला नसता.

फौजदारी माग मात्र अजून शिवेवरच अडखळतो. ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या तीन दिवसांत, १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून आणि कार्डांच्या बनावट प्रती वापरून चोरांनी ९४ कोटींहून अधिक रक्कम लांबवली. त्यांपैकी सुमारे ७८ कोटी अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून काढले गेले, अडीच कोटी देशात, आणि उरलेले हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवून त्यांना तीन ते चार वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. हे अकराजण देशातील यंत्रांपुढे उभे राहून बनावट कार्डे सरकवणारे होते. परदेशातील सूत्रधार त्यांच्यात नव्हते. रामोशाच्या काळी शिवेपलीकडच्या गावाला माग स्वीकारावाच लागे, कारण न स्वीकारल्यास भरपाई त्याच्या माथी येई. राष्ट्राराष्ट्रांत असा रिवाज नाही, आणि तो निर्माण होईल अशी चिन्हेही मला दिसत नाहीत. देशापुरता थोडा पालट झाला आहे: गुन्हा कोणाच्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्याने फिर्याद लिहून घेतलीच पाहिजे, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने स्पष्ट केले. तेव्हा वरवंडच्या माणसाचे कार्ड बंगळूरूत चालवले गेले, तरी यवतच्या ठाण्याने ‘आमच्या हद्दीत नाही’ असे म्हणून त्याला परत पाठवण्याचे कारण उरलेले नाही.

ज्यांच्या घरी कार्ड आहे त्यांना इतकेच सांगणे आहे. कार्ड हरवल्याचे ध्यानात येताच चोर कोण याच्या तर्कात वेळ न दवडता प्रथम बँकेला कळवून ते बंद करावे, लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर नोंद करावी, मग ठाण्यात फिर्याद द्यावी. आणि बँकेकडून तारीख-वेळेसह पोच अवश्य घ्यावी, कारण तीन दिवसांची गणना पुढे वादात पडली तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.